दिलेलं वाण

३ एप्रिल, गुरुवार

आज मी कंपनीची मालकीण झाले. सगळ्या कंपनीची नाही, जराशी. नचिकेतने पुण्याहून कागद पाठवला, आभाने तो तिच्या शाळेत छापून आणला. त्यावर माझं पूर्ण नाव आहे आणि खाली शिक्का आहे. नचिकेत फोनवर म्हणाला, "आजी, आता तू भागधारक." मी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मार्तंड म्हणाला, "आई, तीन लाखांत एक शब्द मिळाला. महाग पडला."

मार्तंड माझा मुलगा, नचिकेतचा बाप. पोराच्या कंपनीत बापाने एक दमडी घातली नाही आणि मला शहाणपण शिकवतो! आभा माझी सून, ती बिचारी नुसती हसली. पैसे ह्यांच्या रिटायरमेंटचे, माझ्या नावावर ठेवलेले. हे असते तर त्यांनीच आधी घातले असते.

ही डायरीही मार्तंडचीच, ऑफिसात फुकट मिळालेली. तो त्यात काही लिहीत नाही. मी चौथी शिकले, पण अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे.

कंपनीचं नाव नीरसंकेत. काम असं, की नळाला पाणी यायच्या आधी मोबाइलवर घंटी वाजते. झाँसीत ज्यांच्या घरी सरकारी नळ आहे त्यांना विचारा याची किंमत. पाणी कधी चारला, कधी सहाला, कधी येतच नाही. नचिकेतने काय शोधून काढलं, तर पाण्याच्या पुढे पाइपातून हवा येते, आणि त्याची डबी ती हवा ओळखते. केवढं डोकं! हवा सगळ्यांच्याच नळातून फुसफुसते, पण सुचलं कोणाला? सरकारने त्याचं पेटंट दिलंय, त्यात शोध लावणारा म्हणून आमच्या नचिकेतचं नाव छापलंय. आता वीस वर्षं ती युक्ती दुसऱ्या कोणी वापरायची नाही.

लहानपणी हा मुलगा आजोबांच्या मांडीवर बसून नळाची वाट बघायचा. आम्ही तेव्हा रेल्वे कॉलनीत होतो. पाणी पहाटे यायचं, पण आम्हाला ते बरोब्बर कळायचं, कारण ह्यांनी... कुकरची तिसरी शिटी झाली, उठते.

८ एप्रिल

भाजीवाल्याला सांगितलं मी भागधारक आहे म्हणून. म्हणाला, "अम्माजी, फिर तो धनिया का पैसा भी दीजिए." मेला.

१७ एप्रिल, गुरुवार

अंगाची लाही लाही होतेय. नचिकेतच्या युक्तीची चोरी झाली, आणि चोर दुसरीकडचा कोणी नाही, इथलाच! आपल्या झाँसीचा! सीपरी बाजारात परमलाल कुशवाहा नावाचा माणूस नळाची तोटी-पाइप विकतो. तो तसलंच काहीतरी बनवून स्वस्तात विकतोय. कंपनीने त्याच्यावर कोर्टात केस केली आहे. दुकानातला तो माल बंद कर आणि आठ लाख भर, असं म्हटलंय.

मी म्हटलं, "आठच? पोराच्या अकलेची किंमत आठ लाख?"

नचिकेत म्हणाला, "आजी, मी नाही केली केस. बेंगलोरच्या ज्या मोठ्या लोकांनी पैसे घातलेत त्यांनी करायला लावली. पेटंट आहे तर दाखवा म्हणाले." आवाज त्याचा उतरलेला होता. सज्जन आहे फार, बापावर गेलाय. चोराचीसुद्धा दया येते त्याला.

मी विचारलं, चोराने डबी उघडून पाहिली असेल का? तर म्हणाला, "तू यात पडू नकोस. कोणाशी बोलू नकोस." म्हणजे काय? भागधारक मी नावापुरती का?

आभा म्हणते, आई, ब्लडप्रेशरची गोळी घेतली का. घेतली.

२१ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मीच उद्या म्हणेन की असं झालंच नाही.

सकाळी दहाला ई-रिक्शा केली आणि सीपरी बाजारात गेले. घरी सांगितलं की चष्म्याची काडी बसवायला जाते. कंपनीचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतला होता. दुकान शोधायला वेळ लागला नाही. चार गिऱ्हाइकं उभी होती. मी त्यांच्यापुढेच सुरू केलं. हिंदी माझी तापल्यावर चांगली चालते.

"परमलाल आप ही हैं? शरम नहीं आती? मेरे पोते का माल चुराते हो?"

चाळिशीही न गाठलेला माणूस, केस मात्र पांढरे, हातात पाइप कापायची करवत. तो म्हणाला, "अम्माजी, पैलाँ बैठो तो. पानी पियो."

"पानी नहीं चाहिए चोर के घर का! मैं कंपनी की मालकिन हूँ." आणि कागद दाखवला.

गिऱ्हाइकं हसायला लागली. एक जण म्हणाला, "भैया, मालकिन खुद आ गईं वसूली को." परमलाल हसला नाही. त्याने ड्रॉवर उघडला आणि माझ्यापुढे ठेवली ती वस्तू. डबी नाही. मोबाइल नाही. वायर नाही. करंगळीएवढी निळी प्लास्टिकची नळी, एका बाजूने आटे, वर एक चीर. त्याने ती तोंडात धरून फुंकली. शिटी वाजली.

"जई है, अम्माजी. नल पे कस दो. पैलाँ हवा आत, सो बोल देत. एक सौ बीस की. और हमने का चुराओ?"

ती शिटी मी ओळखली. वस्तू नाही, आवाज. अठरा वर्षं त्याच आवाजाने माझा दिवस सुरू झाला होता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्याची आई आली. माझ्याहून लहान, पण गुडघ्यांनी माझ्याहून थकलेली. माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "काए जिज्जी, चीन्हीं नईं? हम तारा. सत्ताइस नंबर क्वाटर."

सत्तावीस नंबरची तारा! नवी नवरी होती तेव्हा. तिचा नवरा रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस. पोराला म्हणाली, अरे हीच ती दक्खिनी जिज्जी. मग आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. पितळेची शिटी. घासून घासून गुळगुळीत झालेली.

"जा तो तुमनेई दई ती. संकरात पे. हरदी-कूँकू लगा कें."

मी तिथेच स्टुलावर बसले. परमलालने पाणी दिलं. प्यायले.

२२ एप्रिल, मंगळवार

काल लिहायचं अर्धं राहिलं. आज उरलेलं लिहिते.

शहाऐंशीच्या संक्रांतीआधीची गोष्ट. हे वर्कशॉपात ब्रेकचे फिटर होते. दिवसभर हवेचंच काम, कुठे हवा गळते, कुठे दाब कमी. एकदा पहाटे नळाशी उभे राहिले आणि म्हणाले, पाण्याआधी हवा येते, तिला बोलतं करू. कबाड्याकडून पितळेची नळी तोलून आणली आणि एक शिटी केली. कॉलनीतल्या बायका बघायला येऊ लागल्या, कारण पहाटे तीनपासून बादल्या लावून जागायचं कोणाला हवंय? मी म्हटलं, या संक्रांतीला वाण हेच लुटायचं. वाटी नाही, कंगवा नाही, शिटी. हे महिनाभर रोज ड्यूटीवरून आल्यावर करत बसले. चाळीस केल्या. मराठी बायका आम्ही अकरा, बाकी सगळ्या आजूबाजूच्या, बुंदेलखंडी, एक बंगालीण, एक मद्रासीण. सगळ्यांना हळदीकुंकू लावून, तिळगूळ देऊन हातावर शिटी ठेवली. नंतर रोज पहाटे सगळी कॉलनी पक्ष्यांसारखी वाजायची. स्टेशनमास्तर म्हणाले होते, सप्रे, गाड्या फसतील.

क्वार्टर सोडला तेव्हा आमची शिटी नळावरच राहिली. पुढे घरी बोरिंग झालं. मी विसरले. मी विसरले म्हणून कोणी विसरू नये का? मांडीवर बसणारा विसरला?

आणि मी भरबाजारात ताराच्या मुलाला चोर म्हणाले. चार माणसांत. मालकीण म्हणे!

२३ एप्रिल, बुधवार

नचिकेतला फोन केला. सरळ विचारलं, "आजोबांची शिटी आठवते तुला?"

म्हणाला, "आजी, ते वेगळं होतं. ते पितळेचं होतं."

"आणि परमलालची प्लास्टिकची आहे. मग तीही वेगळीच की!"

"पेटंटमध्ये असं लिहिलंय, की पुढे येणाऱ्या हवेवरून इशारा देणारं कुठलंही साधन. वकिलांनी तसं मोठं करून लिहिलं."

"म्हणजे आजोबांचं साधनसुद्धा तुझंच झालं?"

"आजी, प्लीज. ही शिटीची गोष्ट बाहेर आली तर पेटंट जाईल. पेटंट बघूनच लोकांनी पैसे घातलेत. चौदा जणांचे पगार आहेत माझ्यामागे. तुझे तीन लाख आहेत."

मला तीन लाखांची भीती घालतो! माझाच नातू! मी म्हटलं, "तू कागदावर शोध लावणारा म्हणून सही करताना तुझ्या मनात आजोबा आले होते का नाही, एवढंच सांग."

म्हणाला, "आले होते."

फोन मीच ठेवला.

२७ एप्रिल, रविवार

चार दिवस झाले, राग उतरत नाही. मार्तंड म्हणतो, "आई, जाऊ दे, कोर्ट बघेल." याचं सगळं कोर्ट बघेल, देव बघेल, आभा बघेल.

माझा राग कशाचा ते मला आज भाकरी थापताना कळलं. पैसे बुडतील याचा नाही. ह्यांचं नाव नाही छापलं याचासुद्धा नाही, हे स्वतः कधी नाव लावायच्या भानगडीत पडले नाहीत. पण वाण दिलं की दिलं. सवाष्णीच्या ओटीत घातलेली वस्तू कोणी चाळीस वर्षांनी परत मागत नाही. भिकाऱ्याच्या घरीसुद्धा अशी रीत नाही. आणि माझा नातू, माझेच पैसे घालून, मीच ताराच्या हातावर ठेवलेलं वाण कोर्टाकडून परत मागवतोय, वर आठ लाख दंड!

भाकरी करपली. आभाने तीच खाल्ली.

२ मे, शुक्रवार

परमलालच्या वकिलाकडे गेले. या वेळी घरी खरं सांगून गेले. मार्तंड म्हणाला, "आई, नचिकेतच्या विरुद्ध?" मी म्हटलं, "तू ऑफिसला जा, उशीर होतोय." पण आभा रजा टाकून बरोबर आली. पोटचं पोर तिचं आहे. ई-रिक्शात एवढंच म्हणाली, "आई, तो लहानपणी खोटं बोलला की त्याला ताप यायचा."

वकिलाचं नाव सुभाषचंद्र. कचहरीत टिनाच्या शेडखाली बसतात, टेबलाला एक पाय विटेचा. मला वाटलं, हे काय लढणार बेंगलोरशी! पण माणूस हुशार. ताराची शिटी त्यांनी आधीच पाहिली होती. तिच्यावर ह्यांनी ठोकलेलं आहे, तेवीस नंबर, म्हणजे चाळिसांतली तेविसावी, आणि संक्रांतीची तारीख, चौदा एक शहाऐंशी. वर्कशॉपची सवय. काम झालं की त्यावर तारीख ठोकल्याशिवाय ह्यांना चैन पडत नसे.

वकील म्हणाले, "माताजी, तारीख तो कोई आज भी ठोंक दे. वो कहेंगे, परमलाल ने घर में बैठ के बना ली. गवाह चाहिए. पहले ये बताइए, ये सीटी आपके घर में ही रहती थी, या बाहर के लोग भी जानते थे?"

"बाहर के लोग? चालीस औरतों को बाँटी!"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चालीस? क्यों बाँटी?"

आता यांना संक्रांतीचं हळदीकुंकू काय समजावू? समजावलं. अर्धा तास लागला. ते म्हणाले, पेटंट नव्या गोष्टीला मिळतं. घरात लपवून ठेवली असती तर गोष्ट वेगळी, पण जी वस्तू आधीच लोकांच्या हातात होती ती नवी कुठून?

मग विचारलं, कंपनीशी तुमचं काही नातं? मी म्हटलं, शोध लावणारा माझा नातू, आणि मी भागधारक. कागद दाखवला. त्यांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, मग शेजारी बसलेल्या परमलालला म्हणाले, "भैया, तुम्हारी तो लॉटरी लग गई. जिसका पैसा डूबेगा, वही बोल रही है. इससे सच्चा गवाह जज साहब को कहाँ मिलेगा?"

सगळे खूश झाले. मला मात्र ते आवडलं नाही. माझे पैसे बुडणार म्हणून मी खरी? पैसे नसते घातले तर काय मी खोटी होते?

९ मे, शुक्रवार

शपथपत्र झालं. टाइपिंगवाल्याने विचारलं, अंगठा की सही? मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने निमूट पेन दिलं.

त्यात एका ठिकाणी, सीटी किसने बनाई, असा प्रश्न होता. मी म्हटलं, "इन्होंने." टाइपिंगवाला म्हणाला, "इन्होंने कौन? नाम बोलिए." आभा सांगणार होती, मी तिला थांबवलं. बावन्न वर्षांत मी उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही. आज घेतलं. हरिभाऊ सप्रे. तिथल्या कबुतरांपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. त्याने टाइप केलं, मी वाचून बघितलं, ह्रस्व-दीर्घ तपासलं, मग सही केली.

ताराने येताना बेसनाचे लाडू आणले होते. मी म्हटलं, आधी तुझ्या मुलाची माफी मागते. परमलाल म्हणाला, "अरे अम्मा, छोड़ो. तुमाए आबे के बाद सें सीटी जादा बिक रई."

१९ मे

नचिकेतचा फोन नाही. दहा दिवस. मीही केला नाही. रोज आभाच्या फोनकडे बघते, म्हणजे बघत नाही, नजर जाते.

२४ मे, शनिवार

नचिकेत आला. न कळवता. गाडीतून उतरून थेट घरी, डोळे खोल गेलेले. मी ठरवलं होतं बोलायचं नाही. पण रिकाम्या पोटाच्या माणसाशी अबोला धरत नाहीत. आधी जेवायला वाढलं.

जेवताना म्हणाला, "आजी, पेटंट गेलं तर कंपनीत काही उरत नाही."

मला असा राग आला! "का उरत नाही? यंत्र चालतंय ना? मोबाइलवरची घंटी तुझी आहे, ती कुठे आजोबांनी केली होती? परमलाल काय पेटंटवर विकतो? तो फुंकून दाखवतो आणि विकतो. तुम्ही चौदा जण शिकलेले, तुम्हाला तेवढं जमत नाही?"

मार्तंड हसला. या घरात महिनाभरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

नचिकेत नाही हसला. सारखा एकच विचारतो. "आजी, तुला सगळं नक्की आठवतं ना? इतकी वर्षं झाली. वयात कधी कधी गोष्टी मिसळतात." काल जन्मलेलं पोर मला सांगतं, वयात! रात्रीपर्यंत तीनदा विचारलं. त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता, पण कढत होतं.

२६ मे, सोमवार

सकाळी त्याची पँट धुवायला घेतली. प्रवासाची मळकी, तशीच खुंटीला टांगलेली. बादलीत घालून साबण लावून चांगली अर्धा तास भिजवली, मग कुटली. तेव्हा खिशातून लगदा निघाला. कसलातरी कागद होता, माझ्या शपथपत्रासारखा जाड, घडी केलेला. शाई सगळी सुटलेली. खाली कुठेतरी एक शिक्क्याचं तिकीट निळं निळं झालेलं. बाकी अक्षर काही लागेना. एका ठिकाणी नुसतं 'स्मरणशक्ती' एवढं दिसलं.

मी घाबरले. त्याला नेऊन दाखवलं. म्हटलं, "महत्त्वाचं होतं का रे? दोन दिवस खिशात घेऊन हिंडतोस, सांगायचं नाही का?"

त्याने तो लगदा हातात घेतला. बघत राहिला. मग इतका हसला, इतका हसला की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना. आभा धावत आली, तिने त्याला जवळ घेतलं. मला कोणी काही सांगत नाही. या घरात माझ्यापासून सगळं लपवायचं अशी पद्धतच पडली आहे!

थोड्या वेळाने तो गच्चीवर जाऊन फोनवर बेंगलोरच्या कोणाशी तरी बोलत होता. मी कपडे वाळत घालायला गेले होते, ऐकायला नाही.

"नाही सर. सही नाही होणार. दुसरा कागद पाठवू नका. मी स्वतः नाही घेणार तिची सही." मग म्हणाला, "हो, परिणाम माहीत आहेत. पण तिला सगळं आठवतं सर. आणि मलाही."

कसली सही, कसले परिणाम, देव जाणे. विचारलं तर म्हणाला, "काही नाही आजी." आणि माझ्या हातातली बादली घेऊन कपडे वाळत घालू लागला. उलटे घालत होता, तेही मलाच सांगावं लागलं.

आणि आठवतं म्हणजे काय? सत्तावीस नंबरच्या ताराची साडी त्या दिवशी हिरवी होती, ह्यांचं बोट पितळेने कापलं होतं, आणि तिळाचे लाडू इतके कडक झाले होते की बंगालिणीने एक दाताखाली धरला आणि डोळे मिटून घेतले.